पालथं वाडगं

भरतेश मगदूम यांची वाचा गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि नवव्या महिन्यात त्यांनी जे पहिलं वाक्य उच्चारलं ते अख्ख्या मिरजेत फक्त त्यांच्या बायकोला कळलं.

वाक्य काही मोठं नव्हतं. 'पाणी गार आहे,' एवढंच ते म्हणाले. पण ते मराठीत नव्हतं, आणि सीमेवरच्या गावात वाढल्यामुळे त्यांना घरच्यासारखी येणाऱ्या कानडीतही नव्हतं. ते थुलानीत होतं. थुलान नावाचे लोक पृथ्वीच्या पाठीवर कधी जन्मलेलेच नाहीत. त्यांना ह्याच बायकोनं, म्हणजे पद्मजाबाईंनी, बारा वर्षांपूर्वी, जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडून झाल्यावर उरलेल्या वेळात जन्माला घातलं होतं.

पद्मजाबाई तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायच्या. विषयाला विद्यार्थी दरवर्षी तीन, फार तर चार. अशात एका मालिका काढणाऱ्या कंपनीनं विचारलं, मिठाच्या वाळवंटात राहणाऱ्या एका काल्पनिक जमातीची भाषा करून द्याल का? बाईंनी नुसती भाषा केली नाही. पाच हजार शब्द केले, शिव्या केल्या, अंगाईगीतं केली, शिंक आल्यावर शेजारच्यानं काय म्हणायचं तेही ठरवून टाकलं, आणि पुढे मालिकेतल्या रीतीभाती आणि थुलानी संवादही त्यांनीच लिहिले. हौस चढली की माणसाला थांबवणार कोण!

भरतेश मोजणी खात्यात. जन्मभर लोकांच्या बांधांची भांडणं फूट-इंचांत आणून मिटवलेला माणूस. जे मोजता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. बाईंनी थुलानांच्या मुलुखाचा नकाशा काढून कौतुकानं पुढे धरला, तेव्हा चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तो दोन मिनिटं न्याहाळला.

"अगं, ही तुझी नदी चढाला चाललीय की! डोंगर हिकडं, आणि पाणी निघालंय डोंगराकडंच?"

बाई आधी ओशाळल्या आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. भरतेशनी स्वतःच्या पेन्सिलीनं नदी खोडून उताराला लावून दिली आणि जुना कागद चुरगाळून टाकला. थुलानांच्या जगाला त्यांचा हात लागला तो तेवढाच. मालिका साठ भाग चालली, गाजली, पण त्यांनी एक भाग पाहिला नाही. 'खोट्या माणसांची खोटी भाषा' म्हणायचे आणि रेडिओ घेऊन गच्चीवर जायचे. बाई ते हसण्यावारी न्यायच्या, पण लागायचं त्यांना.

मग एकसष्टाव्या वर्षी झटका आला. उजवं अंग गेलं, आणि त्याबरोबर सगळं बोलणं गेलं. समोरच्याचं कळेना, स्वतःचं सुचेना. मुलगी चंदना परदेशातून धावत आली, पंधरा दिवस उशाशी 'पप्पा, पप्पा' करत बसली आणि रडत परत गेली. पप्पा तिच्याकडे परक्या गावच्या पाहुण्यासारखे बघत होते.

मेंदूच्या डॉक्टर तबस्सुम मुजावर यांनी कागदावर एक रेघ ओढली आणि मधोमध फाडली.

"मराठीचा रस्ता मेंदूच्या डाव्या बाजूनं होता. तो जळला. उजवी बाजू धडधाकट आहे, तिथनं नवा रस्ता काढता येतो. अडचण एकच. मराठी शब्द कानावर पडला की मेंदू सवयीनं त्याला जुन्याच रस्त्यावर ढकलतो, आणि तिथं तर पूलच नाही. कानडी, हिंदी, सगळ्यांचं तेच. म्हणून भाषा कोरी पाहिजे. जिचं काहीच आधी रुजलेलं नाही, अशी."

उपाय नवा होता, पण तोवर शंभरेक रुग्णांवर झालेला होता. कवटीखाली उजव्या बाजूला नखाएवढी, विजेच्या बारीक तारांची एक जाळी बसवायची. सहा महिने एक औषध द्यायचं, त्यानं मोठ्या माणसाचा मेंदू दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूसारखा मऊ होतो. मग उशाशी एक बोलणारी पेटी ठेवायची. पेटी नव्या भाषेत बोलत राहते, आणि प्रत्येक शब्दाच्या ठोक्याला जाळी मेंदूच्या उजव्या बाजूला हलकीशी कळ देते, की हे इथं ठेव. कोणतंही मूल जे फुकटात करतं, ते साठीच्या माणसाकडून यंत्रानं करून घ्यायचं.

"फक्त घरात ती भाषा बोलणारं एक तरी माणूस पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर शिकून बोलणार कुणाशी? तुमच्याकडं कुणाला अशी एखादी भाषा येते काय, जी ह्यांनी कधी ऐकलेली नाही?"

"मला येते एक," बाई म्हणाल्या. "पण ती खोटी आहे ओ."

"मेंदूला खरं-खोटं कळत नाही, मॅडम. नवं-जुनं कळतं."

अशा रीतीनं पेटीला मालिकेचे साठ भाग, बाईंच्या वह्या आणि चाहत्यांनी जगभर लिहून ठेवलेल्या थुलानी गोष्टी पाजण्यात आल्या. तेवढ्यावर पेटी दिवसभर थुलानासारखी गप्पा मारू लागली. भरतेश ऐकत पडून राहायचे. आणि एका सकाळी, पाण्याचा पेला ओठाला लावल्यावर, ते बोलले.

त्यानंतरचे तीन महिने पद्मजाबाईंच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. असं म्हणू नये, पण गेले. थुलानीत अहो-जाहो नाही, सगळ्यांना एकच तू. तेहेतीस वर्षांच्या संसारात बाईंनी नवऱ्याला पहिल्यांदा तू म्हटलं. आणि तो मोजणी खात्यातला माणूस असं काही बोलायला लागला, की बाईंना स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे टिपावे लागायचे. एकदा त्या खोलीत शिरल्या तर ते म्हणाले,

"तू आत आलीस की मीठ चमकतं."

बाई दिवसभर तरंगत होत्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. हे वाक्य त्यांचंच होतं. सातव्या भागातलं. नायक नायिकेला म्हणतो ते.

तेव्हापासून एक भुंगा मागे लागला. नवरा बोलतो आहे, की आपणच लिहिलेलं आपल्याला परत ऐकू येतं आहे? भरतेश आता घास घेण्याआधी मिठाला बोट लावत. दिवस मोजायचे ते मीठ काढण्याच्या हंगामापासून. चंदनाचा फोन आला की पेटी तिचं मराठी थुलानीत करून सांगायची, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. मुलगी आहे तर आपल्या भाषेत का बोलत नाही, असं ते विचारायचे.

डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. "पेटी त्यांचं प्रत्येक वाक्य ताडून बघते. शंभरातली नव्वदेक वाक्यं कुठंतरी जशीच्या तशी सापडतात. पण लहान मूलसुद्धा आईचीच वाक्यं बोलतं की, मॅडम. त्यातलं त्याचं स्वतःचं कुठलं, ते कसं ठरवणार?"

आणि मग तो मंगळवार उजाडला. बाई नाचणीची आंबील घेऊन आल्या. भरतेशनी डाव्या हातानं वाडगं घेतलं, खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत हळूच ओतलं, आणि रिकामं वाडगं मांडीवरच्या पाटावर पालथं घातलं. मग बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाले,

"निघू का?"

बाईंनी ते लगेच ओळखलं. एकोणिसावा भाग.

थुलानांत रीत अशी. ज्याला आता पुरे वाटतं तो घरच्यांपुढे आपलं वाडगं पालथं घालतो आणि निरोप मागतो. घरच्यांना तीन दिवस असतात. वाडगं तसंच राहिलं तर निरोप मिळाला. मग तो फक्त मिठाचं पाणी घेतो, सगळ्यांशी बोलत राहतो, आणि दहा-बारा दिवसांत जातो. पण घरच्या कुणी वाडगं सुलटं केलं, तर त्याला जेवावं लागतं, जगावं लागतं. मात्र ज्यानं सुलटं केलं तो माणूस त्याच्या लेखी मेला. त्याच्याशी तो पुन्हा कधी बोलत नाही, आणि नवव्या दिवशी त्याचं मरणगाणं म्हणतो. विचारणं एकदाच असतं.

यातला पहिला भाग बाईंनी आपल्या आज्जीवरून घेतला होता. आज्जीनं सल्लेखना घेतली, म्हणजे जैन रीतीनं व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवला, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. आज्जीनं त्याआधी वीस वर्षं एकेक गोष्ट सोडत आणली होती, महाराजांची आज्ञा घेतली होती, घरच्यांपासून धुणंवालीपर्यंत प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागितली होती. बाईंनी त्यातलं पालथं घातलेलं भांडं तेवढं उचललं, कारण ते पडद्यावर छान दिसणार होतं. आणि सुलटं करणाऱ्याचं जे होतं, ते तर आज्जीचंही नव्हतं. दिग्दर्शकाचा फोन आला होता, प्रसंगात ताण कमी पडतोय. बाईंनी चहा पिता पिता अर्ध्या तासात ते घातलं होतं. त्या भागाला देशभर लोक रडले होते.

"का?" बाईंनी विचारलं.

"माझी सावली मला उचलेनाशी झाली," भरतेश म्हणाले. हेही एकोणिसाव्या भागातलं. काना-मात्रेसकट.

डॉक्टर दुपारी आल्या. तपासलं, पेटी चाळली. "शब्द न् शब्द मालिकेतला आहे. तब्येत स्थिर आहे, नीट सांभाळलं तर दहा वर्षं जगतील. नळीनं अन्न देता येईल, पण हात चालतोय तो नळी उपसणार. मला विचाराल तर, मॅडम, वाडगं सुलटं करा."

"मग ते माझ्याशी बोलणार नाहीत."

"असं मालिकेत आहे."

"तेच म्हणतीय मी. त्यांच्यासाठी जे मालिकेत आहे तेच आहे."

चंदना फोनच्या पडद्यावरून ओरडलीच. "मम्मी, तू कसला विचार करायलीयस? पप्पा मरायला टेकलेत! एक वाटी सुलटी करायचीय फक्त! नाही बोलले तर नाही बोलले, असतील तरी!"

पोरीला कसं सांगायचं? आठ महिने मुक्या माणसाची शुश्रूषा करून, मग तीन महिने त्याच्याशी पोटभर बोलून, पुन्हा मुकेपणात जायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आणि वाडगं तसंच ठेवलं तर निदान दहा दिवस तो बोलत राहणार होता. हा विचार मनात आला आणि बाईंना स्वतःचीच शिसारी आली. नवऱ्याच्या मरणाच्या बदल्यात दहा दिवसांच्या गप्पा!

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा उपाय केला. लिहिणाऱ्याकडे असतो तोच. एक नवी गोष्ट लिहिली. एका थुलान म्हाताऱ्यानं वाडगं पालथं घातलं, म्हातारीनं ते सुलटं केलं, म्हातारा तीन दिवस रुसला, आणि मग दोघं बोलत बोलत पुढे वीस वर्षं जगली. गोष्ट पेटीला पाजली. पेटीनं ती अगदी घोळवून सांगितली. भरतेश डोळे मिटून ऐकत होते.

"हे कुणी रचलं?" गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं.

"जुनी गोष्ट आहे," बाई म्हणाल्या.

"नाही. आपल्यात अशी गोष्ट नाही. कुणीतरी खोटी रचलीय."

बाईंचा बांध फुटला. "अरे, सगळंच खोटं आहे! थुलान नाहीत, मिठाचा मुलूख नाही, तुझं वाडगंसुद्धा नाही. सगळं मी रचलंय. त्या तिथं, टेबलावर बसून. ही मिरज आहे. तू जमिनी मोजायचास. तूच मला म्हणायचास, खोट्या माणसांची खोटी भाषा!"

भरतेशनी डावा हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि थोपटला. "उपाशी मी आहे, आणि भ्रम तुला व्हायला लागलेत. थोडं खाऊन घे."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई खोलीत आल्या. भरतेशचे ओठ सुकले होते, पण नजर शांत होती. पालथं वाडगं पाटावर होतं तसंच होतं. हे मागणं ह्यांचं आहे असं एका अक्षरानं जरी कळलं असतं, तर त्यांनी काळजावर दगड ठेवून निरोप दिला असता. घरच्यांनी आज्जीला दिला होता तसा. पण 'निघू का' बाईंचं, सावली बाईंची, वाडगंही बाईंचंच. नवऱ्याचं त्यात काय होतं? माझ्या वाक्यानं माझा माणूस मरणार असेल, तर मी तो मरू देणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

त्यांनी हात पुढे केला आणि वाडगं सुलटं केलं.

भरतेशनी एकवार बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता धसका होता, समोरचं माणूस अचानक कोसळावं तसा. मग त्यांची नजर बाईंवरून सरकली आणि भिंतीवर जाऊन थांबली. बाईंनी आंबील ओतली. त्यांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"जेवतायत ना? मग झालं," चंदना फोनवर म्हणाली आणि मोकळेपणानं रडली. डॉक्टरही खूश होत्या. वजन वाढत होतं. बाई सकाळ-संध्याकाळ भरवायच्या, पुसायच्या, कूस बदलायच्या, आणि सारखं बोलायच्या. भरतेश पेटीशी बोलायचे. पाऊस कधी येईल, मीठ किती साठलं, असं काहीबाही. बाईंनी मध्ये उत्तर दिलं की ते थांबायचे आणि आवाज कुठून आला ते न कळल्यासारखे खिडकीकडे बघायचे.

नवव्या दिवशी दुपारी बाई खरकटं वाडगं उचलत असताना ते पेटीला म्हणाले, "ऐक. आमच्या घरची बाई गेली. तिचं गाणं म्हणायचंय."

बाई तिथंच खाली बसल्या. गाणं त्यांचंच होतं. चार कडवी, चाल एका संगीतकारानं लावलेली. स्वतःचं मरणगाणं स्वतःच्याच शब्दांत ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

तिनं पाणी आणलं, ती गेली. तिनं चूल राखली, ती गेली. तिनं मीठ निवडलं, ती गेली. तिनं दार उघडं ठेवलं, ती गेली.

गाणं इथं संपतं. बाईंनी डोळे पुसले आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला. पण भरतेश थांबले नव्हते. त्यांचा श्वास अडखळत होता, ते शब्द शोधत होते, एकेक, जमिनीवर मोजणीची साखळी टाकत जावं तसे. आणि त्याच चालीत त्यांनी पुढचं म्हटलं.

"तिनं नदी चढाला लावली. मी ती खाली आणली. ती खूप हसली. ती गेली."

पेटी नम्रपणे थुलानीत म्हणाली, "हे कडवं माझ्याकडे नाही. पुन्हा सांगशील?"

ते कुठंच नव्हतं. साठ भागांत नव्हतं, वह्यांत नव्हतं, चाहत्यांच्या गोष्टींत नव्हतं. तो कागद भरतेशनी बारा वर्षांपूर्वी चुरगाळून टाकला होता, आणि त्या दुपारी जेवणाच्या टेबलाशी ते दोघंच होते.

म्हणजे आत भरतेशच होते. सगळा वेळ तेच होते. त्यांच्यापाशी दुसरे शब्द नव्हते म्हणून ते मिळाले ते शब्द घेऊन बोलत होते, आणि त्या मंगळवारी त्यांनी खरंच विचारलं होतं. तेहेतीस वर्षांत ज्या माणसानं बायकोकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यानं एकदा मागितलं, आणि तिनं ते मालिकेतलं समजून मोडून काढलं होतं.

"अहो," बाई मराठीत म्हणाल्या. मग थुलानीत म्हणाल्या, "मी आहे. मी इथंच आहे. पुन्हा विचार. एकदा पुन्हा विचार, मी निघ म्हणते."

भरतेश भिंतीकडे बघत होते. बाईंनी त्यांच्या हातात वाडगं दिलं आणि ते पालथं घालावं म्हणून त्यांची बोटं धरून वळवू लागल्या. बोटं वळली नाहीत. त्यांनी वाडगं सुलटंच धरलं आणि संध्याकाळच्या आंबिलीची वाट बघत बसून राहिले.

विचारणं एकदाच असतं. हेही बाईंनीच लिहिलं होतं.